क्लबची बंदूक, आपला नेम



गावच्या जत्रेतला फुगे फोडायचा ठेला तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. फळीवर रंगीत फुगे टाचलेले, अलीकडे बाकडं, बाकड्यावर छर्र्याची बंदूक. पैसे दिले की मोजून छर्रे मिळतात. आता जरा आठवून बघा, त्या बाकड्याशी बंदूक कुणाच्या हातात असते? पोरांच्या, त्यांच्या बापाच्या, नाहीतर मामाच्या. आपण मागं उभ्या. कडेवर लेकरू, हातात पिशव्या. कधीतरी एखादी नवी सून नवऱ्यानं आग्रह केला म्हणून बंदूक धरते, डोळे मिटून चाप ओढते, छर्रा कुठंतरी फळीत जातो, आणि सगळे हसतात. तीही हसते, बंदूक परत देते, आणि तिचा त्या खेळाशी संबंध तिथंच संपतो.

पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची मोठी रेंज आहे. रेंज म्हणजे नेम धरून मारायची बांधीव जागा. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी बंदूक हाती घेतली नव्हती, अशा मुली तिथं उभ्या राहतात. डोळे उघडे ठेवून चाप ओढतात. मागं कुणी हसत नाही. जत्रेतल्या बाकड्यामागून त्या रेषेपर्यंत बाई कशी पोचली, ते आज मला सांगायचंय.

हा विषय घ्यायचं कारणही सांगते. गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी मागं लागलीय, शूटिंगच्या क्लबात घाला म्हणून. परवाना लागतो का? पोलीस घरी येतात का? आणि पोरीच्या जातीला बंदूक कशाला, असं तिची आजी विचारतीय." पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चार वाक्यांत होतात, ती पुढं देईन. आजीबाईंच्या प्रश्नाला मात्र थोडं मागं जावं लागतं.

मागं म्हणजे १८७८ सालापर्यंत. त्या साली इंग्रज सरकारनं हत्यारांचा कायदा केला. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होता. कायदा असा की हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर सरकारचा परवाना हवा, आणि गोऱ्या माणसाला तो लागणार नाही. १८५७ चा धसका सरकारनं घेतलेला होताच. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. मग तर बंदूक आणि मराठी माणूस एकत्र दिसला की सरकारच्या कपाळाला आठी पडायची.

याच पुण्याच्या शेजारी खडकीला १८६९ पासून सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना. काडतुसं इथं तयार व्हायची, आणि इथल्या माणसाला बंदुकीला हात लावायची चोरी! गोऱ्या लोकांची 'व्हॉलंटियर रायफल' नावाची पथकं असायची. नोकरी-धंदा सांभाळून ते तिथं नेमबाजीचा सराव करत, आपापसांत स्पर्धा लावत. आज आपण ज्याला शूटिंग क्लब म्हणतो, त्याचा एक मोठा भाऊच समजा. हिंदी माणसाला मात्र त्या पथकांचं दार बंद. आम्हालाही पथकांत घ्या, हत्यारांचा कायदा सैल करा, ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून होत होती. (काँग्रेसचं पहिलंच अधिवेशन १८८५ साली पुण्यात भरायचं ठरलं होतं. ऐन वेळी इथं पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवलं. पुण्याचा मान असा पटकीनं घालवला.) हे पुढारी भांडत होते ते पुरुषांसाठी. बाईच्या हातात बंदूक असावी की नसावी, हा प्रश्नच तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

खेड्यात बंदूक अगदी नव्हतीच असं नाही. कोकणात, घाटमाथ्यावर ज्यांची शेतं रानाला लागून, त्यांच्याकडं ठासणीची बंदूक असायची. रानडुक्कर पीक उकरतं, म्हणून तिचा परवाना. असा पीक-संरक्षणाचा परवाना आजच्या कायद्यातही आहे. पण तो कुणाच्या नावावर? सातबारा ज्याच्या नावावर, साधारण त्याच्याच. रात्रभर मचाणावर हाकारे घालायला, डबे बडवायला बाई चालायची. बंदूक घरातल्या पुरुषाची. खंडेनवमीला आपण कोयता, विळा, शिवणयंत्रसुद्धा पुजतो. बंदूक असलेल्या घरात तीही पाटावर यायची. हळदकुंकू लावणारा हात बाईचा, आणि चापावरचं बोट दुसऱ्याचं.

बंदुकीचा खेळ म्हणून जो होता तो राजेरजवाड्यांचा. शिकार हीच त्यांची नेमबाजी. त्यामुळं स्वातंत्र्यानंतर या खेळात नाव काढणारी पहिली माणसंही त्याच घरांतली निघाली. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६० पासून पाच ऑलिंपिक खेळले. त्यांची मुलगी राज्यश्री कुमारी हिला १९६८ साली नेमबाजीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. तिचं कौतुक आहेच. पण जिच्या घरच्या भिंतीवर बंदुका टांगलेल्या, तिनं नेमबाज होणं आणि जिच्या घरच्या भिंतीवर सूप-चाळण टांगलेली, तिनं नेमबाज होणं, यात फरक आहे. मला या दुसरीची गोष्ट सांगायचीय.

त्या दुसरीसाठी दार उघडलं ते एका वकिलानं सुरू केलेल्या कामामुळं. गणेश वासुदेव मावळणकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, लोकसभेचे पहिले सभापती. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडचं, मावळंगे गावचं. जन्म बडोद्याचा, हयात अहमदाबादेत गेली. म्हणजे गुजरातेत वाढलेला आपला मराठी माणूस. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या या माणसानं १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी केली आणि तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी मोठी पात्रता स्पर्धा असते, तिला मावळणकर स्पर्धाच म्हणतात. आपल्या पोरी "मावळणकर खेळून आले" असं सहज म्हणतात, त्यातल्या कितीजणींना हे मावळणकर कोण ते माहीत असेल, देव जाणे.

संस्थेचं काम काय? तर राज्याराज्यात, जिल्ह्याजिल्ह्यात रायफल क्लब काढायचे, त्यांना मान्यता द्यायची, नियम लावून द्यायचे, स्पर्धा घ्यायच्या. क्लबची जी खरी गंमत आहे ती बचत गटातल्या बाईला लगेच कळेल. बंदूक क्लबची असते. परवाना क्लबचा असतो. सभासदानं यायचं, नोंद करायची, क्लबच्या बंदुकीनं, क्लबच्या जागेत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली सराव करायचा आणि बंदूक जागेवर ठेवून घरी जायचं. गटाच्या मिरची कांडपाच्या यंत्रासारखंच हे. एकटीला घेणं परवडत नाही, ठेवायला जागा नाही, पण वापर सगळ्यांचा होतो. इतकी शतकं बंदूक मालकीची वस्तू होती, आणि मालकी पुरुषाकडं होती. ती वापराची वस्तू झाली तेव्हा बाईला फट सापडली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा भाग हाच. कुणी बाईला बंदूक दिली नाही. मालकीचा प्रश्नच बाजूला पडला, आणि ती आत शिरली.

दुसरी फट एनसीसीची. कॉलेजातल्या पोरांसाठी १९४८ साली एनसीसीचा कायदा झाला आणि १९४९ पासून मुलींचीही तुकडी सुरू झाली. खाकी कपडे, कवायत, आणि वर्षातून काही दिवस रायफल चालवायचा सराव. ज्या मुलीला घरून "संध्याकाळी सातच्या आत घरात" अशी ताकीद, तिला कॉलेजच्या नावाखाली रायफल हातात घेता आली. परीक्षेचाच भाग असल्यासारखं ते घरी चालून गेलं.

आणि तिसरी फट म्हणजे ती जत्रेतली छर्र्याची बंदूक. हवेच्या दाबावर चालणारी. तिला दारू लागत नाही, काडतूस लागत नाही. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, साधारण मुगाच्या दाण्याएवढा. कायद्यानं ठरवून दिलेल्या ताकदीच्या आतली अशी बंदूक असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. ऑलिंपिकमध्येही या बंदुकीचे सामने असतात, दहा मीटरवरून. जत्रेतली बंदूक आणि ऑलिंपिकमधली यांचं गोत्र एकच, पण पुढं फार फरक. जत्रेतली वाकड्या नळीची, मुद्दाम नेम चुकावा अशीही असते. सामन्यातली केसभरही हलत नाही.

आता थोडं बाहेरच्या जगात जाऊ. कारण "बाईला कशाला" हा प्रश्न फक्त आपल्याच आजीला पडला असं नाही. ऑलिंपिकमध्येही बायकांची नेमबाजी फार उशिरा आली. आधी तर बायकांचे वेगळे सामनेच नव्हते. १९७६ साली कॅनडात माँट्रियलला ऑलिंपिक झालं, तेव्हा अमेरिकेच्या मार्गारेट मरडॉक पुरुषांच्यात उतरल्या. पेशानं त्या परिचारिका. पन्नास मीटर रायफलच्या सामन्यात त्यांचे आणि त्यांच्याच देशाच्या लॅनी बॅशम यांचे गुण अगदी सारखे झाले. मग नियमाप्रमाणं सुवर्णपदक बॅशमना दिलं गेलं, मरडॉक दुसऱ्या. पदकं देताना बॅशमनी त्यांना हात धरून आपल्या वरच्या पायरीवर ओढून घेतलं. दोघं एकाच पायरीवर उभे राहिले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, बायकांचे स्वतंत्र सामने सुरू झाले. त्यात आपल्या देशाची सोमा दत्ता ही बंगालची मुलगी होती.

याचीच उलटी बाजूही ऐका. १९९२ ला बार्सिलोनात झांग शान नावाच्या चिनी मुलीनं उडत्या तबकड्या फोडण्याच्या सामन्यात सगळ्या पुरुषांना मागं टाकून सुवर्ण जिंकलं. आणि पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये त्या सामन्यात बायकांना जागाच नव्हती! तो निर्णय ती जिंकायच्या आधीच झालेला होता, असं सांगतात. असेलही. पण जिंकणारीला चार वर्षांनी दाराबाहेर उभं राहावं लागलं, हे खरंच. बायकांसाठी वेगळा सामना आला तो २००० साली.

त्याच २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आपल्या महाराष्ट्राची अंजली वेदपाठक उतरली होती. लग्नानंतर अंजली भागवत. घराणं राजाचं नाही, शिकाऱ्याचं नाही. मुंबईची मध्यमवर्गीय मुलगी, कॉलेजात एनसीसीत गेली आणि तिथं रायफलशी गाठ पडली. वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती नावाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली अंजली, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशा मुली एकाच काळात तयार झाल्या. सिडनीत अंजली दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. शेवटी आठवी आली. पदक नाही. पण दोनच वर्षांत ती जगातली पहिल्या क्रमांकाची नेमबाज झाली. २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं घेतली. त्याच वर्षी म्युनिकला बायका आणि पुरुष एकत्र खेळतात अशा 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' सामन्यात ती पहिली आली. मरडॉकबाईंची आठवण येते ती इथं. पुढं तिला खेलरत्न पुरस्कार मिळाला. आता त्या पुण्याच्याच झाल्यात.

सुमाताईंनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण केले. म्हणजे चाळीस छर्रे मारले आणि चाळीसही मधोमध. हा आकडा किती मोठा ते कळायला निशाणाचा कागद डोळ्यांसमोर आणावा लागेल. सगळं निशाण चहाच्या कपाच्या तळाएवढं. त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणासुद्धा त्याच्याहून मोठा. आणि तो दहा मीटरवरून टिपायचा, म्हणजे ओसरीवरून गोठ्यातल्या दावणीच्या खिळ्यावरची खसखस टिपल्यासारखं. हातातली रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. तेव्हा बायकांना चाळीस छर्रे आणि पुरुषांना साठ असत. बायका दमतात, असा हिशेब असावा. २०१८ पासून दोघांनाही साठ झाले. पाऊण तास नाही, सव्वा तास उभं राहायचं. भातलावणीला दिवसभर ओणवं राहणाऱ्या बाईला हा हिशेब आधीच विचारला असता तर बरं झालं असतं.

इथपर्यंतची गोष्ट मुंबईची. पुण्याचं काय? पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली आणि तिच्यात नेमबाजीची रेंज आली. पुणे विद्यापीठाच्या चौकातून बाणेरच्या रस्त्यानं सरळ गेलं की बालेवाडी. तो चौक ज्या गणेशखिंडीत आहे, त्याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर १८९७ साली चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्या वेळी पुण्यात बंदूक म्हणजे फाशीची गोष्ट होती. शंभर वर्षं व्हायच्या आत त्याच वाटेनं पुढं सरकारनंच रेंज बांधून दिली. शहरं कशी बदलतात बघा.

बालेवाडीत २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. कोल्हापूरची राही सरनोबत नावाची कॉलेजवयीन मुलगी पिस्तूल घेऊन आली आणि सुवर्ण जिंकून गेली. राहीला या खेळाचं वेड लागलं ते तिच्याच शाळेतल्या मोठ्या मुलीमुळं. ती मोठी मुलगी म्हणजे तेजस्विनी सावंत. शाळेत पुढच्या वर्गातली कुणी तरी काही करून दाखवते, तेव्हा मागच्या वर्गातल्या मुलीला ते जमण्यासारखं वाटतं. आपल्याकडं एका घरच्या पोरीनं नर्सिंग केलं की गल्लीतल्या चौघी नर्सिंगला जातात, तसंच हे.

तेजस्विनीनं २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं. पन्नास मीटरवरून, पालथं पडून रायफल मारायचा सामना. सहाशेपैकी ५९७ गुण. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचे वडील गेले होते. आणि दैव बघा, ज्या सामन्यात ती जगात पहिली, तो बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हताच. मग तिनं दुसऱ्या सामन्याची, तीन तऱ्हांनी उभं-बसून-झोपून मारायच्या रायफलची तयारी केली आणि टोकियो ऑलिंपिकला गेली. तेव्हा तिचं वय चाळीस. पदक आलं नाही. चाळिशीत पहिलं ऑलिंपिक, एवढं मात्र कायम राहिलं. राहीनं २०१३ ला कोरियात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं, आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत पिस्तुलाचं सुवर्ण. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई.

आता क्लबात गेल्यावर नेमकं काय होतं, ते सांगते. कारण पुष्कळ जणींना वाटतं, पहिल्या दिवशी धडाधड गोळ्या सुटतात. तसं काही नाही. पहिल्यांदा नियम. नळीचं तोंड कायम निशाणाकडं, चेष्टेतसुद्धा माणसाकडं नाही. मारायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नाही. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही आणि 'स्टॉप' म्हटलं की ज्या क्षणी ऐकू येईल त्या क्षणी थांबायचं. हे हुकूम सगळीकडं इंग्रजीतच देतात, चार दिवसांत कानात बसतात. नियम मोडला तर खेळाडू कितीही चांगला असो, बाहेर काढतात. रेंजवर आवाज चढवून बोलणारं कुणी नसतं. मला या खेळातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ती.

मग उभं राहायला शिकवतात. पाय किती अंतरावर, वजन कुठं, कोपर कुठं टेकवायचं. रायफलवाल्या मुली डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात. कळशी कमरेवर घेतलेल्या बाईला ते हाड कुठं असतं हे शिकवावं लागत नाही. नंतर कोरडा सराव. छर्रा न भरताच नेम धरायचा, श्वास हळू सोडायचा, थांबवायचा, चाप अलगद मागं घ्यायचा. झटका दिला की गेला नेम. पुष्कळ दिवस हेच चालतं आणि पुष्कळ मुलं इथंच कंटाळून सोडून जातात.

छर्रे मारायला लागल्यावरही आधी कुणी मधला ठिपका मागत नाही. पाच छर्रे मारले तर ते पाचही एका जागी पडले पाहिजेत, मग ती जागा निशाणाच्या कोपऱ्यात का असेना. एका जागी पडायला लागले की बंदुकीची माशी आणि मागची चकती फिरवून तो पुंजका मध्यात आणता येतो. पण छर्रे विखुरलेले असतील तर जगातली कुठलीही चकती फिरवून उपयोग नाही.

क्लबातून जिल्ह्याची स्पर्धा, मग राज्याची, तिला कॅप्टन इझिकेल यांचं नाव आहे, मग मावळणकर, मग राष्ट्रीय. सगळ्यांनी तिथंवर जायला पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोनदा येऊन तासभर नेम धरून जाणाऱ्या नोकरदार बायका, निवृत्त शिक्षिकाही क्लबात असतात. वयानं मोठ्या लोकांसाठी स्पर्धेत वेगळे गट असतात. या खेळात पळावं लागत नाही, उडी मारावी लागत नाही. चष्मा चालतो.

आता परवान्याचं. वर सांगितलं तशा छर्र्याच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. बावीस बोअरच्या रायफलला, पिस्तुलाला, म्हणजे जिथं खरं काडतूस आलं, तिथं परवाना आलाच, आणि तो २१ वर्षांखाली स्वतःच्या नावावर मिळत नाही. पण मान्यता असलेल्या क्लबात, ठरलेल्या अटी पाळून, त्याहून लहान मुलांना शिकता येतं, ही सोय कायद्यातच आहे. म्हणून क्लबात नाव घालण्याआधी एकच विचारायचं: तुमचा क्लब जिल्ह्याच्या आणि राज्याच्या रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का? कागद दाखवा म्हणायचं. लाजायचं नाही. पतसंस्थेत पैसे ठेवताना विचारतो तसंच विचारायचं.

पैशाचं खोटं सांगणार नाही. खेळ स्वस्त नाही. सामन्यातली चांगली एअर रायफल जर्मनीहून येते आणि तिची किंमत लाखांत जाते. कॅनव्हास-चामड्याचा ताठ अंगरखा, तसलीच विजार, बूट, हे सगळं वेगळं. सुरुवातीला हे काही लागत नाही, क्लबचं वापरतात. पोरगी राज्याच्या स्पर्धेला निघाली की मग खर्च दारात येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकला, तेव्हा घरच्यांनी त्याच्या खेळासाठी कर्ज काढल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला, तिथं शिकला, मग रेल्वेत पुण्याला तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि बालेवाडीत सराव करत राहिला. १९५२ ला खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या खेळात पदक मिळालं ते हे. तेव्हा ज्यांना झेपत नाही त्यांनी आधी प्रबोधिनीच्या निवड चाचणीची चौकशी करावी. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत ती माहिती मिळते.

स्वप्नीलला घडवणाऱ्या प्रशिक्षक कोण, ठाऊक आहे? दीपाली देशपांडे. वरळीच्या रेंजवर अंजलीबरोबर शिकलेली ती मुलगी. २००४ ला अथेन्सचं ऑलिंपिक स्वतः खेळली, मग शिकवायला लागली. सुमा शिरूर यांनी पनवेलला 'लक्ष्य' नावाचा क्लब काढला. जयपूरची अवनी लेखरा त्यांची शिष्या. लहानपणी गाडीच्या अपघातात तिचे पाय गेले, चाकाच्या खुर्चीत बसून ती रायफल मारते, आणि टोकियो व पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये तिनं सुवर्ण घेतलं. गुरूच्या जागी आता बाई आहे आणि तिच्यापुढं मुलगेही शिकायला उभे आहेत. खेडोपाडी व्यायामशाळेत अजून हे दृश्य दिसत नाही. रेंजवर दिसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. काही आयांना वाटतं, पोरगी बंदूक शिकली म्हणजे वाटेत कुणी छेड काढली तर कामाला येईल. त्या हिशेबानं क्लबात घालू नका. क्लबची बंदूक क्लबातच राहते. ती पिशवीतून एसटीत न्यायची वस्तू नाही. घरात मारहाण करणारा नवरा असेल तर तिथं बंदुकीचं नावसुद्धा नको, तिथं १८१ ला फोन आणि पोलीस पाटलाकडं जाणं. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. रेंजवर पोरगी जे शिकते ते वेगळंच असतं. चाळीस माणसं बघत असताना घाई न करता उभं राहायचं. नऊ गुण पडले तरी पुढच्या छर्र्याला पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, छर्रा कुठं लागला ते कागदावर उमटतं, आणि त्या कागदाखाली तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं.

आजीबाईंना यातलं जे पटेल ते सांगा. बैठकीतल्या त्या ताईंसाठी शेवटचं: पहिल्या दिवशी जाताना मुलीचा जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर असू द्या. बूट सपाट तळाचे हवेत, उंच टाचेची चप्पल चालत नाही. ओढणी घेत असेल तर नीट खोचून. जाताना पोटभर जेवून नाही, उपाशीही नाही. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी तुम्हीही बरोबर जा. काही क्लबांत नवीन माणसाला पाच छर्रे मारून बघू देतात. विचारा. तुम्हीही मारून बघा.